केरामा बेटं: मुक्काम कुठे करावा, आणि डायव्हिंग कोणत्या दिवशी?

योकोहामाकर

नमस्कार मंडळी,

जपानात येऊन चार वर्षं झाली, पण ओकिनावा अजून बघितलेलं नाही. जुलैच्या शेवटी मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की जायचं ठरवलंय. आई (वय ६३, रक्तदाबाची गोळी चालू आहे), बायको, ९ वर्षांची मुलगी आणि मी.

सध्याचा बेत असा: चारही रात्री नाहा या ओकिनावाच्या मुख्य शहरातल्या हॉटेलात. पहिले दोन दिवस मोठ्या बेटावर भटकायचं, शुरीचा किल्ला, मत्स्यालय वगैरे. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने केरामाला जाऊन सगळ्यांनी स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून वर तरंगत पाण्याखाली बघणं) करायचं आणि संध्याकाळी परत. चौथा दिवस आराम. पाचव्या दिवशी सकाळी मी एकटा डायव्हिंग करणार. परवाना नाही, पहिल्यांदाच येणाऱ्यांना सोबत घेऊन जातात ते करायचंय. त्याच संध्याकाळी सहाचं विमान.

मला पोहता येतं, पण तलावात. बायकोला अजिबात येत नाही आणि पाण्याची चांगलीच भीती आहे. ती म्हणते, मी किनाऱ्यावर आईंसोबत बसते. मला मात्र मनापासून वाटतं की तिनेही एकदा पाण्याखाली बघावं. मुलीला कासव बघायचंय, घरात दुसरा विषय नाही.

लहानपणी मला दमा होता. आता पंधराएक वर्षांत काहीच त्रास नाही. त्याने डायव्हिंगला अडचण येईल का? आणि केरामात नेमकं कोणतं बेट निवडावं? नकाशावर बरीच दिसतात.

---

वाटसरू७

आम्ही नाहाहून एका दिवसात जाऊन आलो होतो. तोकाशिकी बेट, आहारेनचा किनारा. वेगवान बोटीने ४० मिनिटांत पोहोचलो. पाणी अप्रतिम, मासे गुडघाभर पाण्यातही पायाशी येतात. पण खरं सांगू का, बोटीच्या वेळा धरून प्रत्यक्ष पाण्यात जेमतेम तीन तास मिळाले आणि ते नेमके भर दुपारचे. आमच्या पाठी भाजून निघाल्या. पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घ्याच.

---

भरतीओहोटी

योकोहामाकर, तुमचा बेत वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. मी २०११ पासून केरामाला जातेय. बहुतेक वेळा झामामी, दोनदा आका, एकदा तोकाशिकी. पहिल्यांदा गेले तेव्हा ४२ वर्षांची होते आणि मला पोहता येत नव्हतं. त्यामुळे तुमच्या बायकोची बाजू मला आतून माहीत आहे.

सगळ्यात आधी: हा बेत उलटा करा. केरामा आधी, नाहा शेवटी. आणि केरामात किमान दोन रात्री राहा.

कारण सांगते. जुलै ते ऑक्टोबर हे तिथले वादळांचे महिने. वादळ थेट बेटावर यावंच लागत नाही. शेकडो मैल लांब असलं तरी लाटा येतात आणि बोटी रद्द होतात. आधी लहान वेगवान बोट रद्द होते, मोठी फेरी त्यापेक्षा जास्त तग धरते. तुमच्या बेतात केरामाला एकच दिवस आहे. त्या दिवशी बोट सुटली नाही तर मुलीचं कासव गेलं. उलट पहिल्याच दिवशी तिकडे गेलात आणि परतीची बोट एक दिवस अडकली, तर नाहाचा एक दिवस कमी होईल, विमान चुकणार नाही. शेवटची रात्र मात्र नाहातच काढा. बेटावरून निघून त्याच दिवशी विमान पकडायचं, हे वादळांच्या महिन्यांत कधीच करू नका. माझ्या ओळखीचं एक कुटुंब असंच अडकलं होतं, परतीची तिकिटं नव्याने काढावी लागली.

आता बेटं. नाहाच्या पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर हा सगळा समूह आहे. लहानमोठी वीसेक बेटं, पण मुक्कामाचा विचार तिघांचाच करायचा: तोकाशिकी, झामामी, आका. बोटी तोमारी बंदरातून सुटतात आणि ते नाहा शहरातच आहे. झामामीला मोठ्या फेरीने दोन तास, वेगवान बोटीने तासभर, आकाला थांबली तर थोडं जास्त. आईंना बोट लागत असेल तर मोठी फेरी बघा, ती कमी हिंदकळते. सुट्टीच्या दिवसांत तिकिटं आधीच संपतात, तेव्हा खोलीइतकीच बोटीचीही घाई करा.

तुम्हा चौघांसाठी मी झामामी म्हणेन. कारण अगदी साधं. तिथे दोन किनारे आहेत आणि दोघांचे स्वभाव वेगळे.

पहिला फुरुझामामी. इथे पाणी लवकर खोल होतं, पण तेवढ्याच लवकर पोवळीही सुरू होतात. किनाऱ्यापासून वीस-तीस हात गेलात की खाली रंगीबेरंगी गर्दी. वाळू बारीक नाही, पोवळ्यांचे तुकडे आहेत, अनवाणी चालवत नाही. पाण्यात चालायचे बूट लागतातच. हंगामात पोहण्याची हद्द तरंगत्या बोयांनी आखलेली असते आणि जीवरक्षक असतात. फुलपाखरी मासे, पोपटमासे, समुद्रफुलांतले क्लाउनफिश, सगळे त्या हद्दीच्या आतच दिसतात. क्लाउनफिशच्या सहा जाती जपानात आहेत आणि सहाही ओकिनावाच्या पाण्यात सापडतात. मुलीला सांगा, मोजायला लागेल.

दुसरा आमा. तुमच्या मुलीचा किनारा हाच. इथे उतार मंद आहे आणि तळाशी समुद्री गवत आहे. हिरवी कासवं ते गवत चरायला येतात, अगदी गाई चरतात तशी: मान खाली, सावकाश, मधूनच श्वास घ्यायला वर. भरती आली की ती किनाऱ्याच्या बरीच जवळ येतात. ओहोटीला पाणी इतकं कमी होतं की ती लांब निघून जातात. म्हणून घड्याळ बघू नका, भरतीची वेळ बघा. त्या भागात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सकाळी सात-आठच्या सुमारास आणि परत संध्याकाळी येते, भर दुपारी पाणी ओसरलेलं असतं. अष्टमीच्या सुमारास उलट, दुपारी पाणी भरलेलं. दिवसाच्या ट्रिपचे लोक अकराला येतात आणि चारला जातात. उधाणाच्या दिवशी त्यांना आमाला ओल्या वाळूशिवाय काही मिळत नाही आणि ते म्हणतात, इथे कासवं नाहीत. मी सकाळी साडेसहाला कंबरभर पाण्यात उभी होते आणि चार कासवं मोजली आहेत. बेटावर राहायचं ते यासाठी.

कासवाच्या वरून पोहायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, त्याची वाट अडवायची नाही. ते श्वास घ्यायला वर येतं तेव्हा त्याला मोकळी जागा हवी. बाजूला थांबून बघितलं तर ते आपलं चरणं सोडत नाही. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

आता बायको. कृपा करून तिला पहिल्याच दिवशी "चल, काही होत नाही" म्हणून हाताला धरून ओढू नका. माझ्या नवऱ्याने २०११ साली तेच केलं, प्रेमानेच केलं, आणि मी पहिला पूर्ण दिवस वाळूत बसून काढला. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजींनी माझ्या हातात एक लाकडी खोकं दिलं. खाली काच बसवलेलं. तिकडचे कोळी बोटीतून तळ बघायला वापरतात ते, त्याला हाकोमेगाने म्हणतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून खोकं पाण्यावर टेकवलं आणि आत बघितलं. पाय जमिनीवर, तोंड कोरडं, आणि खाली एक निळाभोर मासा माझ्या पावलाभोवती फिरत होता. अर्ध्या तासाने मीच मास्क मागितला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी खोकं. मग कंबरभर पाण्यात उभं राहून नुसता मास्क लावून चेहरा बुडवायचा, नळी नको. मग उभ्यानेच नळीतून श्वास. जीवरक्षक जाकीट अंगावर आहे आणि पाय कधीही टेकतात, हे शरीराला पटायला वेळ लागतो. पटलं की पाय आपोआप उचलले जातात. घाबरल्यावर माणूस उथळ आणि भराभर श्वास घेतो, नळीतून तसा श्वास पुरत नाही आणि भीती वाढते. सावकाश, लांब उच्छ्वास. एवढं जमलं की निम्मं काम झालं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क भाड्याने मिळतो का ते आधी विचारून ठेवा. मला पहिल्या वेळी माहीत नव्हतं, मी सगळे मासे धूसर बघितले.

आईंनाही ते खोकं द्या. ६३ हे काही वय नाही, पण रक्तदाबाची गोळी आहे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल पाण्यात नको. गुडघाभर पाण्यात खोकं घेऊन त्यांना भरपूर दिसेल.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या, विशेषतः तुम्ही, कारण तुम्हाला पोहता येतं. आकाच्या एका किनाऱ्यावर मी एका कासवामागे गेले होते. तोवर मला बऱ्यापैकी पोहता येऊ लागलं होतं. मान खाली, वेळेचं भान नाही. डोकं वर काढलं तेव्हा किनारा भलतीकडेच होता आणि माझ्या खालून तळ सरकत होता, मी पाय न हलवताही. किनाऱ्याच्या दिशेने जोर लावला. दहा मिनिटं झाली तरी समोरचं झाड तिथेच. मास्कवर धुकं, छातीत धडधड.

तिथे होतं काय, तर लाटा पोवळ्यांच्या बांधावरून पाणी आत ढकलत राहतात. ते पाणी परत जाणार कुठून? बांधाला जिथे खिंड असेल तिथून. सगळ्या छपराचं पाणी एका पन्हळीतून पडावं तसं ते त्या खिंडीतून बाहेर धावतं. ओहोटी लागली की ओढ आणखी वाढते. त्या ओढीच्या विरुद्ध चांगला पोहणाराही टिकत नाही. मला जाकिटाने वाचवलं. मी हातपाय मारणं थांबवलं, पाठीवर तरंगले, श्वास जागेवर आणला आणि मग किनाऱ्याला समांतर, आडवी पोहत राहिले. ओढ संपली तेव्हा जाणवलं, पाणी एकदम ढिलं झालं. मग सावकाश आत आले. गुडघे लटपटत होते, तासभर बोलले नाही.

तेव्हापासून दोन नियम: पोहता येत असलं तरी जाकीट, आणि दर दोन-तीन मिनिटांनी डोकं वर काढून किनाऱ्यावरची एक खूण बघायची. जोडीशिवाय पाण्यात नाही. समुद्रातल्या संकटासाठी जपानच्या तटरक्षक दलाचा क्रमांक ११८ आहे, तो किनाऱ्यावर बसलेल्या आईंच्या फोनमध्येही घालून ठेवा.

बाकी डायव्हिंगबद्दल इथले जाणकार लिहितीलच. दमा आणि विमान, दोन्ही वाचून मी दचकले, एवढंच सांगते.

---

तळठाव

भरतीओहोटी ताईंनी बहुतेक सगळं सांगितलं, मी दचकण्याच्या दोन मुद्द्यांवर लिहितो. बारा वर्षं डायव्हिंग करतोय, काही काळ नवख्यांना पाण्यात नेण्याचं कामही केलंय.

विमान: सकाळी डायव्हिंग आणि संध्याकाळी सहाचं विमान, हे चालणार नाही. दाबाखाली श्वास घेतल्यावर नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि नंतर हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, तेव्हा उरलेला नायट्रोजन रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे करू शकतो. सर्वमान्य नियम असा की एकच साधी बुडी असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर किमान १८ तास विमान नाही. मी स्वतः पूर्ण दिवस सोडतो. ताईंचा उलटा बेत इथेही कामाला येतो: केरामात दुसऱ्या दिवशी डायव्हिंग, मग एक दिवस नाहा, मग विमान.

दमा: बुडी घेण्याआधी तुम्हाला आरोग्याची प्रश्नावली भरायला देतील. दम्याचा प्रश्न त्यात असतोच. जपानात त्यावर "हो" लिहिलंत आणि डॉक्टरांचं पत्र सोबत नसेल, तर बोटीवर घेत नाहीत, पैसे भरले असले तरी. म्हणून बरेच जण "नाही" लिहितात. तसं करू नका. कारण फक्त नियमाचं नाही. १० मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे फुफ्फुसात भरलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. श्वासनळ्या मोकळ्या असतील तर ती सहज बाहेर जाते. एखादी नळी आकसलेली असेल तर त्या मागची हवा अडकते, फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. टाकीतली हवा थंड आणि कोरडी असते, खारं पाणी घशात जातं, या दोन्हींनी जुना दमा जागा होऊ शकतो. पंधरा वर्षं त्रास नसलेल्या कित्येकांना तपासणीनंतर डॉक्टर परवानगी देतात. पण ती तपासणी जुलैच्या आधी करून घ्या. संस्थेकडून प्रश्नावली ईमेलने आधीच मागवा.

परवाना नसलेल्यांना जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात, प्रत्यक्षात ५-६ मीटरच असतं, आणि केरामात त्याहून खोल जायची गरजही नाही. पोवळ्यांचे रंग वरच्या काही मीटरांतच सगळ्यात छान दिसतात, कारण लाल रंग पाण्यात फार खाली पोहोचतच नाही. कान दुखायला लागायच्या आधीच नाक दाबून हवा ढकला, दर हातभर खाली गेल्यावर एकदा. दुखल्यावर करून उपयोग नसतो. आणि श्वास कधीही रोखू नका.

मुलगी ९ वर्षांची म्हणजे समुद्रातली बुडी अजून नाही, त्यासाठी १० पूर्ण लागतात. स्नॉर्कलिंगला काही हरकत नाही.

---

योकोहामाकर

ताई, तळठाव, मनापासून आभार. दमा आणि विमान, दोन्हींबद्दल काहीच कल्पना नव्हती. या शनिवारी श्वसनविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

बायकोला ताईंचा प्रतिसाद वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, "ते खोकं कुठे मिळतं विचार."

विमानाची वेळ तीच ठेवून बेत बदलला: पहिल्या दिवशी नाहाला उतरून तोमारीजवळ मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने झामामी, तिथे दोन रात्री, चौथ्या दिवशी परत नाहा, पाचव्या दिवशी संध्याकाळी विमान. डायव्हिंग तिसऱ्या दिवशी, डॉक्टर हो म्हणाले तर. मत्स्यालय बहुधा राहील. आता दोन शंका. जेलीफिशचं काय वाचतोय ते खरं आहे का? आणि २०२४ मध्ये पोवळी पांढरी पडल्याच्या बातम्या होत्या, मग आता बघण्यासारखं उरलंय ना?

---

भरतीओहोटी

मत्स्यालय राहू दे. काचेच्या या बाजूने बघायला आयुष्य पडलंय.

खोकं: तुम्ही जिथे उतराल तिथे विचारा, किंवा किनाऱ्यावर साहित्य भाड्याने देतात तिथे. नाहीच मिळालं तर प्लास्टिकची फुगवता येणारी हाकोमेगाने खेळण्यांच्या किंवा मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात मिळते.

जेलीफिश: खरं आहे. हाबु-कुरागे नावाची एक जात उन्हाळ्यात ओकिनावाच्या उथळ, वाळूच्या पाण्यात येते. जवळजवळ पारदर्शक असते, डोळ्यांना दिसत नाही. उपाय अगदी साधा, अंग झाका. पूर्ण बाह्या, पूर्ण लांबीची घट्ट विजार. तिचे धागे कापडावरून फारसे लागत नाहीत आणि उन्हापासूनही सुटका होते, मलम थापायला नको. डंख झालाच तर चोळायचं नाही. भरपूर व्हिनेगर ओतायचं, चिकटलेले धागे काढायचे आणि मदत मागायची. पण निळा फुगा असलेली जी दुसरी जात लाटांबरोबर वाहून येते, तिला व्हिनेगर लावायचं नाही. तिथे समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. म्हणून जीवरक्षकाला आधी दाखवा, मग बाटली उघडा.

शंकूसारखा, नक्षीदार, सुंदर शंख दिसला तर उचलू नका. त्यातल्या एका जातीचा डंख माणूस मारतो. मुलीला आधीच सांगून ठेवा, कारण मुलांचा हात शिंपल्याकडेच जातो. तळाशी पाय टेकायचा तो फक्त मोकळ्या वाळूवर, दगडावर नाही. दगडासारखा दिसणारा विषारी मासाही तिथे असतो.

आता पोवळी. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं बरं वाटलं.

मी २०२४ च्या सप्टेंबरात गेले होते. फुरुझामामीला मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि क्षणभर वाटलं, प्रकाशाचा काही खेळ आहे. उथळ भागातली फांद्यांची पोवळी पांढरी, अगदी चुन्यासारखी, काही फिकट जांभळी. मासे होते, त्याच फांद्यांतून ये-जा करत होते. पोवळं हा प्राणी आहे आणि त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी फार दिवस फार तापलं की ती जोडी तुटते, शेवाळ निघून जातं आणि आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. तेव्हा पोवळं मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं आणि ते जगतं. निवलं नाही तर मरतं. त्या दिवशी मी अर्ध्या तासात बाहेर आले आणि किनाऱ्यावर बसून रडले. नवरा काही बोलला नाही, टॉवेल दिला.

पण म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पुढच्या जूनमध्ये परत गेले. काही झुडपं गेलीच होती, त्यांच्यावर करडं शेवाळ धरलं होतं. काहींना रंग परत आला होता. जरा खोलवरची, पाच-सहा मीटरची, बरीच तगली होती. आणि करड्या फांद्यांच्या बुडाशी नखाएवढी नवी पोवळी धरलेली मी स्वतः बघितली. १९९८ मध्येही तिथे असंच मोठं संकट येऊन गेलं. त्यानंतर या शतकाच्या सुरुवातीला पोवळी खाणाऱ्या काटेरी तारामाशांची धाड आली, तेव्हा गावातल्या डायव्हरांनीच पाण्यात उतरून ते एकेक करून वेचले आणि काही जागा बुडी मारायला बंद ठेवल्या, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून. या समुद्रात पोवळी बांधणाऱ्या २४८ जाती नोंदलेल्या आहेत, जपानातल्या निम्म्याहून जास्त. २०१४ च्या ५ मार्चला हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. ती तारीखही मुद्दाम निवडलेली, जपानीत तीन-पाच म्हणजे सान-गो, आणि सांगो म्हणजे पोवळं. ही बेटं नीट राहिली तर ओकिनावाच्या मोठ्या बेटालाही नवी पोवळी मिळतात, कारण इथली अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर तिकडे वाहत जातात.

आपल्या हातात आहे ते एवढंच: पायाला पोहण्याचे पंखे (फिन्स) लावून पोवळ्यांवर उभं राहायचं नाही. नवखे लोक दमले की उभे राहतात आणि फांदी मोडते, आवाजही येत नाही. गोलसर पोवळं वर्षाला सेंटीमीटरभर वाढतं. सोफ्याएवढं दिसलं तर ते तुमच्या आईंपेक्षाही जुनं असू शकतं. दमलात तर पाठीवर वळा आणि जाकिटावर तरंगा. तुकडाही उचलून आणायचा नाही, तिथे ते कायद्याने बंद आहे.

तिसऱ्या दिवशी तुम्ही बोटीवर असाल तेव्हा दक्षिणेचा वारा जोरात असेल तर फुरुझामामीला लाटा येतात. मग तिघींनी आमालाच थांबावं. आकाला जायचं झालं तर तिथला निशिबामा हा किनारा उन्हाळ्यात शांत असतो. जपानीत निशि म्हणजे पश्चिम, पण ओकिनावाच्या जुन्या भाषेत निशि म्हणजे उत्तर, आणि तो किनारा खरोखर उत्तरेच्या अंगाला आहे, त्यामुळे दक्षिणेचा वारा तिथे अडतो. मला हे तिथल्या एका कोळ्याने सांगितलं तोवर मी नकाशा उलटा धरत होते. आकावर केरामाची हरणंही दिसतात, लहान चणीची, संध्याकाळी रस्त्यावर येतात आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जातात. मुलीला आवडतील.

आणखी एक. झामामीच्या टेकडीवर एक शांतिस्तंभ आहे. १९४५ च्या २६ मार्चला अमेरिकन सैन्य ओकिनावाच्या लढाईत सगळ्यात आधी याच बेटांवर उतरलं. शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा मरण बरं, असं मनावर ठसवलेले गावकरी, कुटुंबंच्या कुटुंबं, त्या दिवसांत एकमेकांच्या हातून गेली. मला खोकं देणाऱ्या आजी तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. त्यांनी एकदाच सांगितलं, मी परत विचारलं नाही. आई आणि बायको एखाद्या संध्याकाळी वर जाऊन येऊ शकतील. तिथून सगळी बेटं दिसतात.

रोख येन बरोबर असू द्या, नाहातच काढून घ्या. तारखा पक्क्या झाल्या की इथे लिहा, त्या दिवसांतल्या भरतीच्या वेळा काढून देते.

---

योकोहामाकर

तारखा: २४ ला नाहा, २५ आणि २६ झामामी, २७ ला परत, २८ ला विमान. दोन्ही बाजूंच्या फेरीची तिकिटं मिळाली.

डॉक्टरांनी फुंकून घ्यायची चाचणी केली, व्यायामानंतर परत केली. दुसऱ्या वेळी आकडा खाली आला. या वर्षी डायव्हिंग नको म्हणाले, स्नॉर्कलिंग करा. वाईट वाटलं, लपवत नाही. पण प्रश्नावलीवर "नाही" लिहून गेलो असतो तर, हा विचार रात्री बराच वेळ डोक्यात होता. तळठाव, तुमचे आभार कसे मानू.

मुलगी कॅलेंडरवर चंद्राच्या कला काढत बसली आहे. बायको बाथटबमध्ये मास्क लावून श्वास सोडायचा सराव करते आहे, काल चाळीसपर्यंत मोजलं.

---

भरतीओहोटी

चाळीस! तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा, चारही दिवसांच्या वेळा पाठवल्या आहेत. २६ च्या सकाळी लवकर उठा.